मिठाचा वैरी

आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला स्वतंत्र कोनाडा होता. बरणी चिनी मातीची, खाली लाकडी पाट, आणि आसपास हातभर अंतरात लोखंडाचा तुकडा दिसता कामा नये, असा घरचा कायदा. विळी दुसऱ्या भिंतीला, तवा तिसऱ्या. एकदा मामींनी घाईत सांडशी बरणीला टेकवून ठेवली. मामांनी ती उचलली, धुतली, पुसली, तेलाचं बोट फिरवून उन्हात नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाले, "लेकरू लांडग्याजवळ निजवून पाण्याला जातीस व्हय गं?"

मामी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लेकरू पोळलं तर मला बोलवा. मी फुकर घालते."

मामा म्हणजे आमचे घरमालक. अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. खरं नाव मी सांगणार नाही, कारण हे छापून आलं तर ते स्वतः येऊन "निम्मं कमी करून लिवलंस" म्हणून भांडतील. आवाज असा की ते शुक्रवार पेठेत शिंकले की रंकाळ्यातली बदकं उडायची. मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्टोअरकीपर होतो. पंचतारांकित ती एमआयडीसी. माझ्या खोलीला एकच तारा होता, तोही कौलांच्या फटीतून दिसायचा. खाली गोठ्यात मामींच्या चार म्हशी, वर मी. इतकी वर्षं राहिलो, पण मामांच्या लेखी मी शेवटपर्यंत "पावणं"च.

म्हशी मामींच्या आणि पिकअप मामांची, अशी त्या घराची वाटणी होती. त्या पिकअपमधून मामा मालवणहून गगनबावड्याच्या घाटानं कोल्हापूरच्या बाजारात मासळी आणायचे. मासळी म्हटली की बर्फ आला, बर्फात खडं मीठ आलं, आणि बर्फ वितळला की ते खारं पाणी हौद्यातून गळत, चासीच्या सांगाड्यावरून ओघळत, रस्त्यावर ठिबकत आलं. पावसाळ्यात पाऊस सगळं धुऊन नेतो. पण हिवाळ्यात रस्ता कोरडा, मासळीचा हंगाम ऐन भरात, आणि पुढं पळणाऱ्या टेम्पोचं ठिबकलेलं मीठ मागच्याच्या चाकानं उडून बुडाला बसतं. मामांचं म्हणणं, थंडीत गगनबावड्याच्या रस्त्यावर भाकरी घासली तर वर कालवण लागत नाही. या रस्त्यावर इतरांच्या गाड्यांचे पत्रे तीन-चार हिवाळ्यांत पापडासारखे मोडायचे. मामांची पिकअप मात्र इतकी जुनी होती की तिच्या जन्माच्या वेळी हजर असलेला मेस्त्री आता नातवंडं खेळवत होता, आणि तिच्या बुडाला टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखी वाजायची.

गंजावर मामा तासन्‌तास बोलत. "गंज पावण्यासारखा येतो, पावणं. आधी कोपऱ्यात बसतो, काय बोलत न्हाय. मग हळूच पाय पसरतो. मग एक दिवस घरमालकालाच इचारतो, तुमी कोण?" एवढं बोलून माझ्याकडं बघायचे. मी पाय जवळ घ्यायचो.

आता हे घंटेसारखं बूड टिकलं कसं, ते सांगतो. न पटलं तर शुक्रवार पेठेत जाऊन विचारा, तिथं याहून मोठं करून सांगतील.

चार म्हशींतली एक होती बिजली. नाव बिजली, पण उठून उभी राहीपर्यंत एक शिफ्ट बदलायची. एकदा मामा घाटावरून आले आणि गाडी चुकून गोठ्याच्या तोंडाशी लावली. बिजलीनं मान लांबवली आणि मागचं मडगार्ड चाटायला लागली. मामींनी हाकललं, तर पुन्हा तिथंच. तिथून सरकून चाकाच्या वरचा भाग, मग हौद्याचा सांधा. बाकीच्या पत्र्याकडं ढुंकून बघितलं नाही. मामांनी वाकून तिनं चाटलेल्या जागी बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि ओरडले, "अगं ए! ही मीठ हुडकतीया!"

त्या दिवसापासून बिजली म्हणजे मामांची प्रयोगशाळा झाली. गाडी आली की आधी गोड्या पाण्याचा पाइप मारून बूड धुवायचं. चासीला खालून पाणी जायला भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. ती छत्रीच्या काडीनं मोकळी करायची. गाडी उन्हात वाळवायची. मग ती गोठ्यासमोर उभी करून बिजलीला सोडायचं. बिजली गाडीभोवती अशी फिरायची, जणू स्थळ बघायला आलीय. जिथं चाटेल तिथं मीठ राहिलंय. तिथं पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, पुन्हा बिजली. तिनं तोंड फिरवलं की गाडी स्वच्छ. मग मामा ब्रेकला आणि रबरी नळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधत, फवारणीचा पंप पाठीला लावत, गाडीखाली आडवे होत आणि गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल फवारत. त्यात थोडं ग्रीस कालवलेलं. त्या वासानं गल्लीतली कुत्री दुपारभर नदीवर जाऊन बसायची. माझा एक पांढरा शर्ट त्या फवाऱ्यात सापडला. तो आजही माझ्याकडं आहे आणि त्याला आजही गंज लागलेला नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर काढतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. शिंगं रंगवायची, अंग तुकतुकीत करायचं, पायात तोडे, गळ्यात घुंगरं, आणि मालक मोटारसायकलवर पुढं, म्हैस मागं पळत. मामींच्या म्हशी निघाल्या की मामा पिकअपही काढायचे. बंपरची दोन टोकं शिंगांसारखी रंगवलेली, आरशांना मोरपिसं, बॉनेटवर झूल. एका वर्षी पुढं मोटारसायकलवर मला बसवलं आणि मागून पिकअप घेऊन आले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. परीक्षक म्हणून बसलेल्या एका गवळ्यानं गाडीच्या बॉनेटवर थाप मारून विचारलं, "मामा, कितव्या वेताची?"

"न मोजता वितीया," मामा छाती काढून म्हणाले, "अजून भाकड न्हाय."

माझा एक मावसभाऊ कॅनडात असतो. एका हिवाळ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मामा शेजारीच बसले होते. त्यानं फोन फिरवून बाहेरचा बर्फ दाखवला. तेवढ्यात एक मोठा ट्रक मागच्या बाजूनं पांढरे खडे उधळत गेला.

"काय पेरतंय त्यो?" मामांनी विचारलं.

"मीठ. बर्फ वितळावा म्हणून इथलं सरकारच टाकतं."

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. तो जवळ नेला, लांब नेला. "सरकार? आपणहून? रस्त्यावर? मीठ?" चारही प्रश्न वेगवेगळ्या सुरात. मग फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "आन तुमी सगळे गप बसता?"

भाऊ म्हणाला, "काय करणार? माझ्या गाडीचं बूड सडत चाललंय बघा. काही उपाय असेल तर सांगा."

मामा सावरून बसले. "पैला सवाल. म्हस हाय का?"

भावाला वाटलं लाइन बिघडली. मी त्याला बिजलीचं सगळं समजावलं. तो हसला नाही. म्हणाला, "अरे, खरंच! इकडं डोंगरात सांबराच्या चौपट एक जनावर असतं, मूस म्हणून. ते येऊन गाड्या चाटतं. 'मूसला गाडी चाटू देऊ नका' असे बोर्ड लावलेत."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "जनावर फुकटात गाडी तपासून द्यायला येतंय, आन ही माणसं बोर्ड लावून हाकलत्यात!" त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. नंतर कितीतरी दिवस मध्येच थांबून म्हणायचे, "बिचाऱ्या गाड्या."

आता मामींचं सांगायला हवं. मामी बुटक्या, शांत, आणि आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांना मामांचं वेड चालत होतं. चालत नव्हता तो घाट. एका थंडीत घाटात धुकं असं उतरलं की मामांना स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसेना, आणि पिकअप कठड्याला घासत गेली. मामांना खरचटलंही नाही. पण दार चेपलेली गाडी अंगणात आली तेव्हा मामी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, त्या पाटी खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्यांनी मामांना समोर बसवलं आणि मला साक्षीला वरून बोलावलं.

"आता बास करा," त्या म्हणाल्या. "नजर कमी झालीया तुमची."

"नजर गाडीची लागती गं. तिची शाबूत हाय."

"बरं. मग असं करू. दर साली गाडीचं पासिंग असतंय नव्हं? जवर गाडी पास, तवर तुमी पास. ज्या साली ती नापास, त्या सालापासनं तुमी घरात. हाय कबूल?"

मामा गडगडाटी हसले. नापास आणि त्यांची गाडी! "पावणं, ऐकलंसा नव्हं? कबूल हाय म्हनावं."

पुढच्या हिवाळ्यात बिजलीनं गाडी चाटणं सोडलं. मामा घाटावरून यायचे, गाडी धुवायचे, बिजलीला सोडायचे; बिजली एक फेरी मारायची आणि गव्हाणीकडं जाऊन रवंथ करत उभी राहायची. मामांना आनंद मावेना. "माझा हात असा बसलाय पावणं, एका धुण्यात गाडी कोरी. म्हशीला काम उरलं न्हाय." दुसरं धुणं बंद झालं. जिथं बिजली चाटत नाही तिथं पुन्हा ऑइल कशाला, म्हणून फवारणीही कमी झाली. गल्लीतली कुत्री परत आली.

पासिंगच्या दिवशी मी रजा टाकून मामांबरोबर गेलो. आरटीओच्या मैदानावर गाड्यांची रांग. मामा इतर मालकांकडं असे बघत होते, जणू नापास पोरांच्या बापांत पहिल्या नंबरच्या पोराचा बाप उभा आहे. इन्स्पेक्टर साहेब सभ्य माणूस. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, मग हौद्याखाली वाकून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत चालले. टण. टण. टण. मामा प्रत्येक टणला माझ्याकडं बघून मान हलवत होते.

मग एक आवाज आला तो टण नव्हता. भिजलेल्या पुठ्ठ्यावर चापट मारावी तसा. साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून जरासा टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि त्याचं टोक हौद्यात वर आलं.

"मामा, सांध्याचा पत्रा गेलाय," साहेब म्हणाले. "काम करून परत आणा. अशी नाही देता येणार."

येताना कोल्हापूरच्या चौकात हा माणूस गप्प बसलाय म्हटल्यावर सिग्नलच्या हवालदारानं तब्येतीची चौकशी केली. घरी आल्यावर ते मामींकडं गेलेच नाहीत, सरळ गोठ्यात गेले आणि बिजलीसमोर उभे राहिले. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा आंबोणात तोंड घातलं. मामा तिच्या घमेल्याकडं बघत राहिले. पेंड, भरडा, पाणी. त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

मामी दारात आल्या होत्या.

"मीठ हाय ह्यात," मामा म्हणाले.

"असतंयच की. डॉक्टरच सांगतो घाला म्हणून. दूध वाढतंय."

"कवापासनं घालतीस?"

"दसरा झाल्यापासनं."

"मूठभर?"

"वंजळभर."

"मला सांगितलं न्हाईस."

"म्हशी माझ्या," मामी म्हणाल्या. "गाडीत काय घालता ते तुमी मला सांगता?"

म्हशीला घरबसल्या पोटभर मीठ मिळायला लागल्यावर ती पत्रा कशाला चाटेल? मामांना वाटलं गाडी स्वच्छ झाली, आणि तिकडं मीठ सांध्यात बसून निवांत पत्रा खात होतं. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मामांच्या शिरलं होतं. मला वाटलं, आता कौलं उडणार. मामांनी खिशातून किल्ली काढली, मामींच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडं वळले. "पावणं, एवढ्या वर्सांचा संसार झाला. पर डाव असा पडला न्हवता कवा. पाठ टेकली बघा." आणि हात धुवायला गेले.

मामींनी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं, एवढं मला कळलं.

मग मामा घरात बसले. बसले म्हणजे काय, त्यांना फवारायला काही उरलं नव्हतं आणि पंप भरलेला होता. त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. दारं इतकी गुळगुळीत झाली की खाली म्हशीनं श्वास सोडला तरी वर माझं दार उघडायचं. कड्याकोयंडे लागेनात. शिलाई मशीनला एवढं तेल पाजलं की मामी झंपर शिवायला बसल्या आणि मशीन आपोआप पुढं पळालं. कुकरच्या शिट्टीला, बादलीच्या कडीला, गल्लीतल्या हापशाला, समोरच्या तालमीच्या फाटकाला, कशालाही सोडलं नाही. एक दिवस तव्याला जळकं ऑइल लागलं, आणि त्या दिवशीची भाकरी खाऊन मी कागलपर्यंत मोटारसायकल न काढताच जाईन असं मला वाटलं.

मामींनी तवा राखेनं घासून घेतला. पण एका दुपारी त्या बाजारातून आल्या आणि पायरीवर बसूनच राहिल्या. मी विचारलं काय झालं.

"रंकाळ्याच्या नाक्यावर हुभं होतं तुमचं मामा," मामी म्हणाल्या. "मासळीच्या गाड्या येतात तिथं. एकेका डायवरला इचारत होतं, घाटात धुकं हाय का, रस्ता कसा हाय. मला बघितलं न्हाय त्येनी." पिशवी पायाशी ठेवत म्हणाल्या, "माणूस घरात ठेवला म्या. पर घरात न्हाय बघा त्यो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "पावणं, पत्र्याचं काम करणारा चांगला कोण हाय का तुमच्या वळखीत?"

कामगार मी आणला. मामींनी स्वतः उभं राहून सांध्याचा सगळा पत्रा बदलून घेतला. म्हशीच्या आंबोणातलं मीठही बंद केलं. दूध कमी आलं तेव्हा गिऱ्हाइकांना सांगितलं, "थंडी हाय, आटतंय." बिजली पुन्हा गाडीकडं मान लांबवायला लागली, आणि मामा गाडीखाली आडवे झाले. मामी पाइप धरायच्या, मामा काडी फिरवायचे. "तिकडं ऱ्हायलं जरा," एवढंच काय ते मामी म्हणायच्या.

दुसऱ्या पासिंगला आम्ही तिघं गेलो. मामींनी इरकल नेसली होती. साहेबांनी त्याच जागी ठोकलं. टण. पुन्हा ठोकलं. टण. "न्या," ते म्हणाले, "झाली पास."

मला वाटलं आता मामा आरोळी ठोकणार आणि रंकाळ्यातली बदकं उडणार. मामांनी किल्ली काढली आणि मामींपुढं धरली.

"गाडी पास झाली. पर माजं तू ठरीव," ते म्हणाले. असा हळू आवाज त्यांच्याकडं आहे, हे मला माहीत नव्हतं. "नगं म्हनलीस तर नगं. मी परत नाक्यावर जायाचा न्हाय."

मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. मामींनी पदर खोचला, किल्ली घेतली नाही, दार उघडलं आणि पिकअपच्या केबिनमध्ये चढून बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

"घराकडं?"

"मालवणला. बघू दे तरी मला, एवढं काय हाय तिथं. आन धुकं आलं की मी सांगीन तिथं थांबायचं. आजपासनं डोळं माझं, हात तुमचं."

मामा तोंड उघडं टाकून उभे. "अगं पर म्हशी? सांजच्या धारा?"

मामींनी खिडकीतून डोकं काढून माझ्याकडं बघितलं. "पावणं हाईत की!"

मी बासुंदीच्या कुरुंदवाडचा असलो तरी म्हशीशी माझा संबंध ती खाण्यापुरता. "मामी, मला धार काढता येत नाही हो!" म्हणत मी गाडीमागं पळालो. गाडी थांबली नाही. नवा पत्रा उन्हात चमकवत ती वळणाआड गेली आणि मी बसनं घरी आलो.

त्या संध्याकाळी गोठ्यात काय झालं, ते सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की एक बादली चेपली, माझी एक चप्पल अजून सापडायची आहे, आणि चार म्हशींचं मिळून जे दूध निघालं त्यात एक चहा झाला असता, बिनदुधाचा. मी भिंतीला टेकून दम खात होतो, तेवढ्यात फोन वाजला. मागं लाटांचा मोठा आवाज होता, तरी मामांचा त्याहून मोठा होता.

"पावणं! धारा काढल्यासा का?"

"काढल्या," मी म्हणालो. "उद्या लवकर या."

फोनवर खुसपुस झाली, कुणीतरी हसलं, आणि मामी बोलायला लागल्या. या बाईचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"पावणं, आमी आज हितंच ऱ्हातोय. सकाळच्या धारा तेवढ्या बघा. आन वाट बघत बसू नगा, उद्याचं बी काय नक्की न्हाय."